विश्लेषण : हजार पानांचे वैद्यकीय पाठ्यपुस्तक वाचनीय कसे झाले? कोण होते डॉ. विल्यम ऑस्लर?

वैद्यकीय विद्यार्थ्यांची एक जुनी अडचण आहे. पुस्तक आजाराच्या नावापासून सुरू होते आणि मग त्याची लक्षणे सांगते. रुग्ण मात्र ताप, धाप किंवा पोटदुखी घेऊन येतो. आजाराचे नाव डॉक्टरलाच शोधावे लागते. पाठांतर आणि निदान यांतील ही दरी कमी करण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या शिक्षकांमध्ये डॉ. विल्यम ऑस्लर (१८४९-१९१९) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

जडणघडण कशी झाली?

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडातील बाँड हेड या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि मुलगाही त्याच वाटेवर निघाला होता. मात्र, शाळेतील धर्मगुरू जॉन्सन यांनी त्याला सूक्ष्मदर्शकाची गोडी लावली, तर टोरांटोतील डॉ. बोव्हेल यांनी वैद्यकाकडे वळवले. १८७२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून पदवी घेतल्यावर ते लंडन, बर्लिन आणि व्हिएन्ना येथे शिकून आले. त्यानंतर मॉन्ट्रियलच्या रुग्णालयात त्यांनी जवळपास ८०० शवविच्छेदने केली. जिवंतपणी केलेले निदान मृत्यूनंतर तपासून पाहण्याची ही सवय पुढे त्यांच्या लेखनाचा पाया ठरली.

पुस्तक कधी लिहिले?

१८८४ मध्ये ते फिलाडेल्फियाला आणि १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुख्य चिकित्सक म्हणून गेले. पैशांअभावी तेथील वैद्यकीय महाविद्यालय १८९३ पर्यंत सुरू होऊ शकले नाही. मधल्या काळात त्यांनी एकट्याने ‘द प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ मेडिसिन’ हा हजारांहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. तो १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथ अर्पण केला होता जॉन्सन, बोव्हेल आणि मॉन्ट्रियलचे डॉ. हॉवर्ड या तीन गुरूंना.

वेगळेपण कशात होते?

रचना पारंपरिकच होती. प्रत्येक आजाराचे कारण, शरीरातील बदल, लक्षणे, निदान, उपचार असा क्रम. वेगळा होता तो लेखक. आपल्या वॉर्डात किती रुग्ण पाहिले आणि शवविच्छेदनात काय आढळले, हे ते आकड्यांनिशी सांगत. मधूनच वैद्यकाच्या इतिहासाचे दाखले येत. भाषा सुटसुटीत होती.

तापाचे उदाहरण पाहा. त्या काळी अमेरिकेत टायफॉइड आणि मलेरिया यांची सरमिसळ करून एकच संयुक्त निदान सर्रास दिले जाई. ऑस्लर यांचा आग्रह असे, की रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि मलेरियाचे परजीवी शोधा. शिवाय क्विनाइन देऊनही ताप उतरत नसेल, तर तो मलेरिया नाही असे समजा. म्हणजे माहितीसोबतच विचार कसा करायचा, हेही विद्यार्थ्याच्या हाती पडत होते.

उपाय नसेल तर?

तर तसे लिहायचे, हे ऑस्लर यांचे धोरण. न्यूमोनिया आपल्या गतीने जातो, औषधांनी त्याच्या वाटचालीत फरक पडत नाही, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. त्यांच्यावर उपचारांबाबत उदासीन असल्याची टीकाही झाली.

या प्रामाणिकपणाचा परिणाम अनपेक्षित ठिकाणी झाला. उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स डॉक्टर नव्हते. १८९७ च्या उन्हाळ्यात त्यांनी वैद्यकीय शब्दकोश शेजारी ठेवून हा ग्रंथ वाचून काढला. इतक्या आजारांवर खात्रीचा इलाजच नाही, हे पाहून ते चकित झाले आणि संशोधनासाठी पैसा देण्याचा प्रस्ताव त्यांनी रॉकफेलर यांच्यापुढे मांडला. त्यातून १९०१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली.

मग पुस्तक पुरेसे होते का?

नाही, आणि हे ऑस्लर यांनीच सर्वांत ठामपणे मांडले. अमेरिकेत तेव्हा अनेक विद्यार्थी व्याख्याने ऐकून, रुग्णाला जवळून न तपासताच पदवी घेत. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांना वॉर्डात काम देण्याची पद्धत होती, तर जर्मनीत प्रयोगशाळेवर भर होता. हॉपकिन्समध्ये ऑस्लर यांनी दोन्हींची सांगड घातली. अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्याकडे काही रुग्ण सोपवले जात. त्याने रुग्णाची हकीकत लिहायची, तपासणी करायची, रक्त आणि लघवीची चाचणी स्वतः करायची आणि राउंडच्या वेळी खाटेशेजारी उभे राहून सर्व मांडायचे. उत्तर आले नाही, तर ग्रंथ चाळून नंतर सांगायचे. पुस्तक असे प्रश्न पडल्यावर उघडले जाई. शनिवारी संध्याकाळी विद्यार्थी त्यांच्या घरी जमत. तेथे आठवड्यातील रुग्ण आणि जुने ग्रंथ, दोन्हींवर गप्पा होत.

पुढे काय झाले?

१९०५ मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले. ग्रंथाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, चिनी अशा भाषांत तो पोहोचला. १९१७ मध्ये त्यांचा मुलगा रिव्हियर पहिल्या महायुद्धात मारला गेला. या धक्क्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत. २९ डिसेंबर १९१९ रोजी न्यूमोनियातून उद्भवलेल्या गुंतागुंतीने त्यांचे निधन झाले. ज्या आजारावर औषध नाही असे त्यांनी २७ वर्षांपूर्वी लिहिले होते, त्यावर तेव्हाही खात्रीचे औषध नव्हते.

आज त्या ग्रंथातील उपचार कालबाह्य आहेत. मात्र, वॉर्डात रुग्णाची हकीकत लिहून ती शिक्षकांपुढे मांडणारा विद्यार्थी अजूनही त्यांनी रुजवलेल्या पद्धतीनेच शिकतो. आपण वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवले, एवढीच ओळख मागे उरावी, अशी ऑस्लर यांची इच्छा होती.