शिक्षणाचा पैसा आणि बाबासाहेब

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोन प्रश्न उभे राहतात. प्रवेश कुठे घ्यायचा आणि पैसा कुठून आणायचा? पहिल्यासाठी आपण मुनिरक्यापासून पुण्यापर्यंत फोन करतो. दुसरा प्रश्न मात्र आई-वडील मुलांना कळू न देता आपसांत बोलतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत या प्रश्नाची चार उत्तरे सापडतात. म्हणून हा लेख खास आपल्या मुलांसाठी.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले. १९०७ साली मॅट्रिक होऊन बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. पण इंटरनंतर वडिलांना खर्च झेपेना. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ही पहिली वाट. शिष्यवृत्ती परत करायची नसते. मात्र ती कुठे मिळते हे सांगणारा कोणी लागतो.

दुसरी वाट कराराची. १९१३ साली बडोदा संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंड देऊन त्यांना तीन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवले. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची होती. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली ते एम.ए. झाले, १९१६ साली लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले. बडोद्यात नोकरी मिळाली, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा कोणी देईना. शेवटी ते मुंबईला परतले. कराराच्या अटी वाचून सही करता येते. समाजाच्या अटी कोणत्याच कागदावर लिहिलेल्या नव्हत्या.

तिसरी वाट स्वतःच्या कमाईची. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. रमाबाईंनी काटकसरीने संसार केला आणि पगारातून शिल्लक टाकली गेली. तरीही पैसे कमी पडत होते. मग राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. कर्ज ही चौथी वाट. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली बॅरिस्टर होऊनच परतले; डी.एस्सी. पदवीही त्यांना त्याच वर्षी मिळाली.

पुढे दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी दलित विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारकडे पैसा मागितला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज त्यांनी उभे केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतच, अलीपूर रोडवरील निवासस्थानी त्यांचे निधन झाले.

मी स्वतः डिप्लोमा करून रेल्वेत लागलो. पुढे शिकायला पैसा कसा मिळतो, हे कोणाला विचारावे असे तेव्हा सुचलेच नाही. मुलांनो, तुम्ही मात्र विचारा. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, कराराची मुदत, कर्जाचे व्याज, सगळे विचारा. आणि आपण मोठ्यांनी निदान एका मुलासाठी केळूसकर गुरुजी व्हावे. विद्येच्या देवतेची याहून चांगली सेवा ती कोणती?

गणपती बाप्पा मोरया!