विश्लेषण : 'वापरा आणि फेका' ब्लेड देणारे जिलेट शेवटी कर्जात का बुडाले?

जुने रेझर, ब्रश, वस्तरे जमवणाऱ्या संग्राहकांना दोन गोष्टींची हळहळ आयुष्यभर पुरते. एक, भाव करत बसल्यामुळे हातून गेलेला रेझर. दुसरी, पैशाची नड म्हणून किंवा 'असा दुसरा मिळेल' म्हणत विकून टाकलेला रेझर. जगभरात या मंडळींच्या संग्रहात सर्वाधिक दिसणारं नाव म्हणजे जिलेट. गंमत म्हणजे, ज्यांच्या नावाने हे रेझर ओळखले जातात त्या किंग कॅम्प जिलेट यांचं आयुष्यही सुटलेल्या आणि केलेल्या सौद्यांनीच घडलं आणि बिघडलं. कसं, ते समजून घेऊ.

कोण होते किंग कॅम्प जिलेट?

जन्म ५ जानेवारी १८५५, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला. पुढे कुटुंब शिकागोला आलं. १८७१ च्या प्रसिद्ध आगीत वडिलांचा व्यवसाय जळाला आणि तरुण किंगला नोकरी धरावी लागली. तो फिरता विक्रेता झाला. १८९० च्या दशकात ते विल्यम पेंटर यांच्या कंपनीत काम करत होते. सोड्याच्या बाटलीवर आपण ओपनरने उघडतो ते पत्र्याचं बूच पेंटर यांनीच शोधलेलं. एकदा वापरून फेकून द्यावं लागेल आणि ग्राहक पुन्हा येईल असं काहीतरी शोध, हा सल्ला जिलेट यांना त्यांच्याकडूनच मिळाला.

ब्लेडची कल्पना कधी सुचली?

१८९५ मध्ये, बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधल्या घरी दाढी करताना. वस्तरा बोथट झाला होता, नुसत्या चामड्याच्या पट्ट्यावर घासून भागणार नव्हतं, त्याला पाजवायलाच द्यावा लागणार होता. तेव्हा जिलेट यांच्या लक्षात आलं की दाढीला लागते ती फक्त धार, बाकीचं जाड पोलाद उगाच. मग धारेपुरती पातळ पट्टी घ्यावी, ती एका दांड्यात अडकवावी आणि बोथट झाली की फेकावी.

ऐकायला सोपं, पण अडचण धातूची होती. इतकी पातळ पट्टी तापवून कडक करताना वाकडी होते. जाणकारांनी हे जमणार नाही असंच सांगितलं. सहा वर्षं कल्पना तशीच पडून राहिली. अखेर एमआयटीतून शिकलेले अभियंते विल्यम निकरसन यांनी पट्टी सपाट ठेवून कडक करण्याची आणि धार लावण्याची यंत्रं तयार केली. १९०१ मध्ये कंपनी निघाली. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली. पहिल्या वर्षीचा आकडा होता ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. दुसऱ्या वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांच्या वर गेला.

कोणता सौदा त्यांनी रोखला?

कंपनीला तारणारे गुंतवणूकदार होते बोस्टनचे जॉन जॉइस. पैसा त्यांचा, त्यामुळे शब्दही त्यांचाच चाले. कंपनी जिलेट यांना पगार द्यायला तयार नव्हती. त्यामुळे १९०४ मध्ये घर चालवण्यासाठी त्यांना बुचांच्या कंपनीचं काम घेऊन लंडनला जावं लागलं. तिथे असताना कळलं की संचालक परदेशातले हक्क दुसऱ्यांना देण्याच्या विचारात आहेत. ते अमेरिकेला परतले आणि त्यांनी तो व्यवहार होऊ दिला नाही. कंपनीच्या पुढच्या वाढीत परदेशातल्या बाजाराचा वाटा मोठा होता, हे पाहता हा निर्णय लाखमोलाचा ठरला.

आणि कोणता सौदा केला?

जॉइस यांच्याशी खटके सुरूच राहिले. १९१० मध्ये जिलेट यांनी आपल्या शेअर्सचा मोठा हिस्सा जॉइस यांना सुमारे ९ लाख डॉलरना विकला. त्या काळी ही प्रचंड रक्कम होती. नाव, सही आणि मिशीवाला चेहरा ब्लेडच्या वेष्टनावर राहिला, अध्यक्षपदही राहिलं, पण सत्ता गेली. आठच वर्षांत, पहिल्या महायुद्धात, अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर खरेदी केले. ती माणसं घरी परतली तीच रोज स्वतः दाढी करण्याची सवय घेऊन.

रेझर स्वस्तात, ब्लेड महाग, हे खरं का?

मॅनेजमेंटच्या वर्गात हे सूत्र जिलेट यांच्या नावावर सांगतात. पण सुरुवातीची वस्तुस्थिती वेगळी आहे. पेटंट होतं तोवर रेझरची किंमत तब्बल ५ डॉलर होती. सामान्य कामगाराला ती परवडणारी नव्हती. १९२१ मध्ये पेटंट संपलं, स्पर्धक आले, तेव्हा कंपनीने जुन्या पद्धतीचा रेझर १ डॉलरला काढला.

मग पैसा गेला कुठे?

जिलेट यांना मुळात व्यापारी स्पर्धाच मान्य नव्हती. १८९४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणारं एकच महानगर आणि सगळ्यांच्या मालकीची एकच कंपनी सुचवली होती. १९१० मध्ये अशा जागतिक कंपनीचं अध्यक्षपद त्यांनी माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना १० लाख डॉलर देऊन देऊ केलं. रूझवेल्ट यांनी नकार दिला. पुढे जिलेट कॅलिफोर्नियात रमले. जमिनी घेतल्या, १९२० च्या दशकाअखेर कॅलाबासस इथे मोठा वाडा बांधला.

इकडे कंपनीने एक खरेदी गमावली. हेन्री गेसमन यांनी नव्या ब्लेडचं डिझाइन कंपनीला देऊ केलं होतं, पण सौदा जमला नाही. पुढे त्याच डिझाइनवरून पेटंटचा वाद झाला आणि १९३० मध्ये जिलेट कंपनीला गेसमन यांची कंपनी सामावून घ्यावी लागली. त्या वेळी हिशेब तपासताना आधीच्या वर्षांचा नफा फुगवून दाखवल्याचं उघड झालं. मंदीत आधीच घसरलेला शेअर आणखी कोसळला. १९३१ मध्ये जिलेट यांचं अध्यक्षपदही गेलं. शेअर पडलेले, जमिनीला गिऱ्हाईक नाही आणि डोक्यावर कर्ज, अशा अवस्थेत ९ जुलै १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज काय उरलं?

फेकण्यासाठी बनवलेली ब्लेड गेली, दांडे मात्र टिकले. आज दुकानात मिळणारी दुधारी ब्लेड शंभर वर्षांपूर्वीच्या जिलेट रेझरमध्येही बसते. म्हणूनच संग्राहक त्यांच्या मागे असतात. घरात आजोबांचा रेझर असेल तर भंगारात देण्याआधी उलटा करून पाहा. १९५० नंतरच्या अमेरिकी बनावटीच्या जिलेटवर एक अक्षर आणि एक अंक असतो. अक्षर वर्ष सांगतं, अंक तिमाही. 'डी ४' म्हणजे १९५८ ची शेवटची तिमाही. विकायचा की ठेवायचा, हे त्यानंतर ठरवा. घाई केली तर काय होतं, हे जिलेट यांच्या १९१० च्या सौद्याने दाखवलंच आहे.