गहुलीपासून लोकायुक्तापर्यंत

दरवर्षी १ जुलैला कृषिदिन साजरा होतो, वसंतराव नाईकांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि संकरित ज्वारी, दुष्काळ व रोजगार हमी या विषयांवर भाषणे होतात. त्यात वावगे काहीच नाही. परंतु त्यांच्या कारकीर्दीत झालेल्या एका कायद्याचा उल्लेख अशा सभांतून माझ्या ऐकण्यात अद्याप आलेला नाही. नळाला पाणी नाही, गटार तुंबले आहे, घराच्या नोंदीसाठी कचेरीत हेलपाटे घालूनही दाद लागत नाही, अशा माणसाचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी तो कायदा झाला. महाराष्ट्र लोकायुक्त व उपलोकायुक्त अधिनियम, १९७१ हे त्याचे नाव. नाईकांच्या जीवनाकडे या कायद्याच्या बाजूने पाहिले, तर एक निराळीच संगती हाती लागते.

पुसद तालुक्यातील गहुली या बंजारा वस्तीत १ जुलै १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. तांड्याला नाईक असतो, कारभारी असतो. भांडणतंटा, देणेघेणे त्यांच्यासमोर येते आणि तेथेच मिटते. ज्याच्याकडे दाद मागायची तो शेजारीच राहणारा असतो. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण नाईकच चुकला तर त्याच्यावर अपील कोणाकडे, या प्रश्नाला तांड्यात उत्तर नव्हते. नाईकाच्याच घरात वाढलेल्या या मुलाला दोन्ही बाजू लहानपणीच दिसल्या असतील, असा माझा तर्क आहे. त्याहून अधिक त्याला महत्त्व देऊ नये.

गहुलीत शाळा नव्हती, म्हणून प्राथमिक शिक्षण आसपासच्या गावी झाले. पुढे अमरावती आणि नागपूर, मॉरिस कॉलेजातून पदवी, १९४० साली कायद्याची परीक्षा आणि त्यानंतर पुसदला वकिली. १९४१ साली वत्सला घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. १९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. चरित्रलेखक या पदाला ओळ-दोन ओळींहून अधिक जागा देत नाहीत. मला मात्र ते महत्त्वाचे वाटते. मंत्र्याकडे येणारी तक्रार अर्जाच्या रूपाने येते, दोन शेरे मारले की ती खालच्या टेबलावर जाते. नगराध्यक्षाकडे ती रस्त्यात भेटते. शिवाय नगरपालिकेचे उत्पन्न तुटपुंजे आणि अपेक्षा मात्र अमर्याद, हे अर्थशास्त्र त्या खुर्चीत बसल्यावाचून पुरते कळत नाही.

१९५२ साली ते विधानसभेवर निवडून आले आणि जुन्या मध्य प्रदेशात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात ते सहकार व कृषी खात्यांचे मंत्री होते. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा महसूलमंत्री असलेल्या नाईकांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमण्यात आली. १९६१ साली तिचा अहवाल आला, त्यावरून जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. अन्य राज्यांनी तालुक्याला किंवा गटाला महत्त्व दिले असता नाईक समितीने जिल्हा हा सत्तेचा मुख्य घटक मानला. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते आणि लघुसिंचन हे सारे लोकनियुक्त संस्थेकडे आले. ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले. त्यांच्याच कारकीर्दीत १९६५ चा नगरपरिषद कायदा झाला आणि विदर्भातील नगरपालिकांसाठी लागू असलेला १९२२ चा कायदा मागे पडला. म्हणजे ज्या जुन्या कायद्याखाली त्यांनी पुसदचा कारभार पाहिला होता, तोच त्यांच्या राजवटीत निकालात निघाला.

सत्ता अशी जवळ आली. पण जवळच्या सत्तेविरुद्ध तक्रार करणे दूरच्या सत्तेहून अवघड असते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. ज्याच्याविरुद्ध अर्ज लिहायचा तो सभापतीचा भाचा असतो, आणि अर्ज ज्या बाबूच्या हाती द्यायचा तो त्याच्याच पंगतीत जेवतो. न्यायालयाचा मार्ग आहे. पण चारशे रुपयांच्या पाणीपट्टीसाठी वकील करणारा शहाणा नव्हे. यासाठी न्यायालयाहून स्वस्त आणि कचेरीहून स्वतंत्र असा कोणी तरी लागतो. स्वीडनने १८०९ च्या राज्यघटनेत असा अधिकारी निर्माण केला. आपल्याकडे प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ साली केंद्रासाठी लोकपाल आणि राज्यांसाठी लोकायुक्त सुचविला. केंद्राचे विधेयक १९६८ पासून लोकसभेत येत राहिले आणि बारगळत राहिले. तो कायदा व्हावयास २०१३ साल उजाडले. ओरिसाने १९७० सालीच कायदा केला, तरी प्रत्यक्ष संस्था प्रथम उभी राहिली ती महाराष्ट्रात, २५ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या वेळी राज्य भीषण दुष्काळाच्या तोंडी होते. पुढच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. स्वतःविषयीच्या तक्रारी वाढणार हे दिसत असताना सरकारने तक्रारीचे दार उघडावे, ही गोष्ट लहान नव्हे.

या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यात अभिकथन आणि गाऱ्हाणे असा भेद आहे. पहिल्यात भ्रष्टाचाराचा किंवा पदाच्या दुरुपयोगाचा आरोप असतो. दुसऱ्यात आरोप नसून अन्याय असतो. अकारण विलंब, हयगय, पक्षपात, अवाजवी कृती यांमुळे ज्याला त्रास सोसावा लागला त्याने, ती गोष्ट कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत तक्रार करावयाची. मंत्री आणि सचिव लोकायुक्तांकडे, अन्य अधिकारी सामान्यतः उपलोकायुक्तांकडे. चौकशीत तथ्य आढळले तर अन्याय कसा व किती मुदतीत दूर करावा याची शिफारस होते, आणि मुदत संपल्यावर महिन्याभरात काय केले ते संबंधित अधिकाऱ्याने कळवावे लागते. समाधान न झाल्यास राज्यपालांकडे विशेष अहवाल जातो आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. हुकूम सोडण्याचा अधिकार मात्र लोकायुक्तांना नाही. काहीजण यावरून ही संस्था दात नसलेली ठरवितात. मला ते पूर्णपणे पटत नाही. गाऱ्हाण्यांच्या बाबतीत नुसता खुलासा मागविणारे पत्रदेखील धूळ खात पडलेली फाइल हलवू शकते. माझ्या परिचयातील एका निवृत्त लिपिकाची घराची नोंद एका नगरपरिषदेत तीन वर्षे अडून राहिली होती. वरून खुलासा मागविला गेल्यावर ती पंधरवड्यात झाली. अभिकथनांच्या बाबतीत मात्र शिफारशीचे बळ अपुरे पडते, हे मान्य केले पाहिजे.

आणखी एक उणीव थेट नाईकांच्या खुर्चीशी निगडित होती. १९७१ च्या कायद्यातील मंत्री या शब्दातून मुख्यमंत्री वगळलेला होता. मुंबईतील बॅकबेच्या भूखंडांवरून त्यांच्या सरकारवर कडाडून टीका झाली, तो वाद उच्च न्यायालयात गेला. लोकायुक्तांकडे मुख्यमंत्र्याविरुद्ध जाण्याची सोयच नव्हती. तांड्यातील नाईकाविरुद्ध अपील नसावे, तसाच हा प्रकार झाला. मुख्यमंत्र्यालाही कक्षेत आणणारे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केले, म्हणजे मध्ये अर्धशतक लोटले.

फेब्रुवारी १९७५ मध्ये नाईकांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. १९७७ साली ते वाशीममधून लोकसभेवर गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी शाळा, दवाखाना आणि रस्ता यांचा कारभार जिल्ह्यात आणला, पण त्या कारभाराविरुद्धचे गाऱ्हाणे ऐकणारे कार्यालय मुंबईतच राहिले. यवतमाळहून ते सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. २०२२ च्या सुमारास निवडणुका लांबल्या आणि राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदा व जिल्हा परिषदा काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या, तेव्हा हे अंतर अधिकच जाणवले. कारण तक्रार घेऊन ज्याच्या दारी जावे असा नगरसेवकही उरला नव्हता.

नाईकांच्याच काळात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. तिच्या धर्तीवर २००५ साली देशाचा कायदा झाला, आणि त्याखाली २००९ पासून जिल्ह्या-जिल्ह्यांत लोकपाल नेमण्याची तरतूद करण्यात आली. पुसदच्या मजुराला त्या कामावरील थकलेल्या मजुरीसाठी यवतमाळपर्यंत जाऊन दाद मागण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. त्याच मजुराच्या घरासमोरील गटाराचे गाऱ्हाणे मात्र लोकायुक्तांकडे न्यायचे असेल, तर कागद मुंबईलाच पाठवावे लागतात.