गार्सिया द ओर्ता : मुंबई बेटाचा खंडकरी वैद्य

मुंबई बेट एकेकाळी एका वैद्याकडे खंडाने होते, असे सांगितले तर आज कोणाचा विश्वास बसणार नाही. ज्या मुंबईत हातभर जागेसाठी माणसे उभे आयुष्य वेचतात, तिचे मूळ बेट पोर्तुगीज व्हाइसरॉयने १५५४ च्या सुमारास गोव्यातील एका डॉक्टरला कायमच्या खंडाने देऊन टाकले. खंड वर्षाला सुमारे १,४०० पर्दाव. या डॉक्टरचे नाव गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज भाषेत 'होर्ता' म्हणजे भाजीपाल्याचा मळा, परसबाग. आडनावातच बाग घेऊन आलेल्या या माणसाने पुढे आपल्याकडील झाडाझुडपांवर असा एक ग्रंथ लिहिला की साऱ्या युरोपातील विद्वानांना त्याची दखल घ्यावी लागली. बागा आणि औषधी वनस्पतींवरील जगातील नामांकित ग्रंथांची नावे काढली तर त्यात या ग्रंथाचे नाव घ्यावेच लागते, आणि तो छापला गेला आपल्या शेजारच्या गोव्यात!

ओर्ता यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलु द व्हिद या सरहद्दीवरच्या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर काढले तेव्हा हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पण तेथेही १४९७ मध्ये सर्व यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा लोकांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत. नाव नवे, देऊळ नवे, परंतु शेजाऱ्यांची नजर मात्र जुनीच! शनिवारी कोणाच्या चुलीतून धूर निघत नाही, कोण डुकराचे मांस खात नाही, याकडे लोकांचे बारीक लक्ष असे. अशा घरात गार्सिया लहानाचे मोठे झाले. मनातले ओठावर येऊ न देण्याचे शिक्षण त्यांना शाळेच्या आधीच मिळाले असले पाहिजे.

वडील व्यापारी. तरी मुलाला त्यांनी सालामांका आणि अल्काला या स्पेनमधील विद्यापीठांत शिकविले. १५२३ मध्ये ते परतले, १५२६ मध्ये वैद्यकी करण्याचा परवाना मिळाला आणि १५३० पासून लिस्बनच्या विद्यापीठात ते अध्यापन करू लागले. एखाद्याने येथे समाधान मानले असते. ओर्तांनी मात्र १५३४ च्या मार्चमध्ये मार्तीं अफोंसु द सौझा या दर्यासारंगाचे वैद्य म्हणून हिंदुस्थानचे जहाज पकडले. नोकरी सोडून इतक्या दूर येण्याचे कारण काय? नव्या वनस्पती पाहण्याची ओढ हे एक कारण खरेच. पण पोर्तुगालमध्येही इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन करण्याच्या हालचाली तेव्हा चालल्या होत्या आणि दोनच वर्षांनी ते स्थापन झालेही. माझ्या मते दुसरे कारणच अधिक बलवत्तर असावे.

सप्टेंबर १५३४ मध्ये ते गोव्यास उतरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबई त्यात आलीच, आणि आज आपण राहतो ते साष्टी बेटही आले. ओर्तांनी सौझांबरोबर काठेवाडापासून मलबारपर्यंत फिरून पाहिले. पुढे गोव्यात स्थायिक होऊन व्हाइसरॉयपासून इस्पितळातील गोरगरिबांपर्यंत सर्वांना औषध दिले. अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) बुऱ्हाण निजामशहा त्यांचा रोगी होता आणि स्नेहीही. त्याच्या दरबारी अरब आणि इराणी हकीम असत. त्यांच्याशी ओर्तांच्या चर्चा होत. ओर्तांनी गोव्यात बाग केली, औषधी द्रव्यांचा आणि रत्नांचा व्यापारही केला. ते कोणी विरक्त संशोधक नव्हते. पैसा मिळविणारे, गुलाम बाळगणारे, तोलामोलाचे गृहस्थ होते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मुंबईचे बेट त्यांना मिळाले तरी ते राहत गोव्यातच. बेटावर कुळे होती, नारळीची आगरे होती, आणि त्यांचे एक आंब्याचे झाड होते. ते वर्षातून दोनदा फळत असे, याचे त्यांना कोण कौतुक! ग्रंथातील आंब्याच्या प्रकरणात मुंबईहून आंबे येऊन पोहोचतात आणि घरात आनंद होतो, असा प्रसंग त्यांनी घातला आहे. अवेळी आलेल्या आंब्याला मोसमातल्या आंब्याइतका वास व स्वाद नसतो, पण अवेळी येतो हीच त्याची थोरवी, असे त्यांचे मत. बाजारात फेब्रुवारीत आंबा पाहून ज्यांचे पाय थबकतात त्यांना हे पटेल.

आता त्या ग्रंथाविषयी. हिंदुस्थानातील औषधी वनस्पती व द्रव्ये यांवरील संवाद, असे त्याचे नाव सांगता येईल. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात तो छापून पूर्ण झाला. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. मुद्रणदोष भरपूर आणि शुद्धिपत्रही लांबलचक. पोर्तुगीजांचा महाकवी कामोंइश तेव्हा पूर्वेकडेच होता. त्याची छापून आलेली पहिली कविता याच ग्रंथाच्या आरंभी आहे. ग्रंथ संवादरूपाने आहे. एका बाजूला स्वतः ओर्ता, दुसऱ्या बाजूला स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा कल्पित विद्वान. रुआनो पुस्तके पाठ करून आलेला. प्रत्येक गोष्टीत गेलन आणि डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक आचार्यांचा हवाला देतो. ओर्ता त्याला म्हणतात की आपण झाड बघू, फळ कापू, ज्यांच्या अंगणात ते वाढते त्यांना विचारू. स्पेनमध्ये असतो तर या आचार्यांविरुद्ध बोलण्याची आपली छाती झाली नसती, अशी कबुलीही ते देतात. या कबुलीपाशी मी वाचता वाचता थांबले. हे वाक्य फक्त ग्रीक वैद्यांविषयी आहे का?

१९१३ साली सर क्लेमंट्स मार्कम यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यातील प्रकरणे वाचताना मला परदेशी पुस्तक वाचल्यासारखे वाटलेच नाही. सुरुवातीच्या प्रकरणांतच कोरफडीच्या बोळाची चर्चा. आमच्या शांती नगरमध्ये मिठागरांकडून खारा वारा येतो, तेथे गॅलरीतल्या डब्यात दुसरे काही जगले नाही तरी कोरफड जगते! पुढे चिंच, फणस, जांभूळ, आले, वेलदोडा, विड्याचे पान, सुपारी, हिंग, भांग. धोतऱ्याचे बी अन्नात मिसळून घरच्यांना बेभान करून चोरी कशी करतात, तेही दिले आहे. नारळाच्या प्रकरणात तर काथ्या, खोबरे, सुरा, माडाचा गूळ असे सारे आहे आणि पुष्कळसे शब्दही आपल्या कानाला ओळखीचे. पटकीचे वर्णन करताना, येथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात असे ते लिहितात. ही आपली मोडशीच! पोटात गडबड झाली की माझी आजी आजही हाच शब्द वापरते. तिला अक्षरओळख नाही आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पण तिच्या तोंडचा शब्द साडेचारशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात छापलेला आहे. पटकीचे आधुनिक काळातील युरोपियन लेखकाने केलेले पहिले व्यवस्थित वर्णन म्हणून वैद्यकाच्या इतिहासात या प्रकरणाचा मान मोठा आहे.

पारिजातकाचे प्रकरण मला सर्वांत आवडले. आपल्या पुराणात हे झाड श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून आणले. ओर्तांना गोव्यात कोणीतरी वेगळी कथा सांगितली. पारिजातक नावाच्या एका सरदाराची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली. सूर्याने तिला टाकले. तिने प्राण दिला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवले. म्हणूनच ते रात्री फुलते आणि सूर्य दिसला की फुले ढाळून टाकते. ओर्ता त्याला दुःखी वृक्ष म्हणतात. फुलांच्या केशरी देठांनी अन्नाला रंग येतो, हेही नोंदवायला विसरत नाहीत. आजही प्राजक्ताच्या शास्त्रीय नावात, निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस यात, ते दुःख शिल्लक आहे.

या माहितीचे मूळ कोठे होते? ग्रंथात मालुपा नावाचे हिंदू वैद्य येतात. आंतोनिया नावाची दासी येते. हाक मारताच फांदी, फळ, पाला आणून दाखविणारी. आवेवर मलबारी वैद्य देतात त्या झाडाचेही प्रकरण आहे. अभ्यासक ते झाड आपला कुडा मानतात. स्वतःच्या औषधाने गुण आला नाही तर येथल्या वैद्यांचे औषध देण्यात ओर्तांना कमीपणा वाटत नसे. श्रेय ते थोडेफार देतात, परंतु मालुपांचे चरित्र कोणी लिहिले नाही आणि आंतोनियाचे मूळ नावसुद्धा उरले नाही. ओर्तांच्या चुकाही आहेत. पांढरी मिरी आणि काळी मिरी वेगवेगळ्या वेलींना येतात, असे त्यांनी ठामपणे लिहिले. ज्यांनी दुसऱ्यांना डोळ्यांनी पाहायला सांगितले, त्यांनी एवढी एक वेल नीट पाहिली नाही!

हा ग्रंथ त्या काळी विद्वानांची जी भाषा होती त्या लॅटिनमध्ये लिहिता आला असता. आधी तो आपण लॅटिनमध्येच रचला होता, असे ओर्ता सांगतात. पण छापताना पोर्तुगीज निवडली, कारण ती येथल्या अधिक लोकांना कळणारी. मातृभाषेत शास्त्र लिहिता येते की नाही, यावर आपल्याकडे अजून परिसंवाद भरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

बाहेर हा मानमरातब, तर घरात निराळेच चालले होते. १५४३ मध्ये जेरोनिमो दियास नावाच्या नव्या ख्रिस्ती वैद्याला गोव्यातच धर्मद्रोहाबद्दल देहान्त शिक्षा झाली होती. १५४७ मध्ये लिस्बनला ओर्तांच्या दोन बहिणींना इन्क्विझिशनने पकडले. सुटका झाल्यावर आई आणि बहिणी गोव्याला निघून आल्या. पण सुरक्षितता येथेही फार दिवस टिकली नाही. १५६० मध्ये गोव्यातच इन्क्विझिशन स्थापन झाले. म्हणजे ग्रंथ छापला जात होता तेव्हा न्यायपीठ त्याच शहरात होते आणि ग्रंथकर्ता रविवारी चर्चमध्ये जात होता. ग्रंथात कोरफडीपासून रत्नांपर्यंत सारे आहे, गेलनशी वाद आहे, पण स्वतःच्या पूर्वजांविषयी एक अवाक्षर नाही.

१५६८ मध्ये ओर्तांचे निधन झाले. ते सुटले, असेच म्हणावे लागते. त्यांची बहीण कातारिना हिला पकडण्यात आले आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जाळण्यात आले. भाऊ मनाने शेवटपर्यंत यहुदीच होता, हे चौकशीत घरच्यांच्या तोंडून बाहेर आले. मग मेलेल्या माणसावर खटला चालला. डिसेंबर १५८० मध्ये त्यांची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. पुढे कित्येक शतके हे फारसे कोणास ठाऊक नव्हते. काउंट फिकाल्यू यांनी १८८६ साली ओर्तांचे चरित्र लिहिले, तेव्हा त्यांच्यापुढेही हे कागद नव्हते. ते १९३४ मध्ये सिल्व्हा कार्व्हाल्यू यांनी उजेडात आणले.

ग्रंथाची वाटचाल मात्र न्यायपीठाच्या हाती राहिली नव्हती. ओर्ता हयात असतानाच १५६४ मध्ये क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला पोर्तुगालमध्ये त्याची एक प्रत मिळाली. त्याने संवाद काढून टाकले, मजकूर आखूड केला, चित्रे घातली आणि १५६७ मध्ये अँटवर्पला लॅटिन आवृत्ती काढली. जी लॅटिन ओर्तांनी सोडली होती तिच्याच खांद्यावर बसून त्यांची झाडे युरोपभर हिंडली. हाच क्लूसियस पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाच्या सुप्रसिद्ध बागेचा प्रमुख झाला. पण रुआनो, मालुपा आणि आंतोनिया यांची बोलणी त्या लॅटिन सारांशात गळून पडली. ती वाचायची तर मूळ ग्रंथाकडेच जावे लागते.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. कोकमाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका आहे. ते ओर्तांवरून पडले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ते लॉरेंट गार्सिन या अठराव्या शतकातील दुसऱ्याच निसर्गशास्त्रज्ञावरून दिलेले आहे.

मुंबईतील ओर्तांचा वाडा फोर्टमध्ये टाऊन हॉलच्या मागे होता, असे मानतात. आज तेथे नौदलाचे आय.एन.एस. आंग्रे हे ठाणे आहे. १६६५ च्या फेब्रुवारीत पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या ताब्यात दिली, ती याच वाड्यात. तोपर्यंत तो दुसऱ्यांच्या मालकीचा झाला होता. १९७१ साली पोर्तुगालने आपल्या २० एस्कुदोंच्या नोटेवर ओर्तांचे चित्र छापले. आणि पणजीला चर्चच्या चौकाजवळ जी नगरपालिकेची बाग आहे, तिला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे.