ज्याने पाथे कंपनी विकत घेतली, त्याच निर्मात्याला फ्रान्सने नाझींच्या हवाली केलं

पॅरिसच्या मोंमार्त्र भागात आज फ्रान्सची नामांकित फिल्म स्कूल आहे. त्या जागी एकेकाळी बर्नार्ड नाताँ यांचा स्टुडिओ होता.

१८८६ साली रोमानियात जन्मलेले नाताँ ज्यू होते. फ्रान्समध्ये आले, पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडून लढले, शौर्यपदक मिळवलं. १९२९ मध्ये तर थेट पाथे ही बलाढ्य कंपनीच ताब्यात घेतली. बोलपटांवर भर दिला, तीन भागांचा ‘ले मिझराब्ल’ काढला.

पण मंदी आणि कर्जाच्या ओझ्याखाली १९३६ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. १९३८ मध्ये फसवणुकीच्या आरोपात अटक झाली. टीका मात्र हिशोबापेक्षा त्यांच्या ज्यू असण्यावरच जास्त झाली.

१९४२ मध्ये त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं आणि तुरुंगातून जर्मनांच्या ताब्यात दिलं. आउशविट्झहून ते परतलेच नाहीत. पाथे कंपनी आजही सुरू आहे.