हायरम बर्डन: काडतुसाच्या बुडात ऐरण बसवणारा इंजिनिअर

पूर्वी मोबाईलचं मागचं झाकण नखाने उघडायचं आणि बॅटरी हातात यायची. आता ती आत चिकटवलेली असते. बदलायची तर दुकान गाठावं लागतं. वस्तू बनवताना सोपी ठेवायची की दुरुस्त करताना, हा प्रश्न मात्र मोबाईलपेक्षा खूप जुना आहे. १८६६ मध्ये एका अमेरिकन इंजिनिअरने बंदुकीच्या काडतुसात त्याचं एक उत्तर दिलं आणि ते आजही जगभरच्या कारखान्यांत वापरात आहे. त्याचं नाव हायरम बर्डन.

आधी यंत्रं, मग बंदुका

बर्डनचा जन्म ६ सप्टेंबर १८२४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या फेल्प्स गावचा. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. सोन्याचं खनिज दळायचं यंत्र, पीक कापणीचं यंत्र, पाव बनवणारी यांत्रिक बेकरी असे उद्योग त्याने केले. आजच्या भाषेत सांगायचं तर पठ्ठ्या सीरियल फाउंडर होता. शिवाय अव्वल नेमबाज म्हणूनही त्याचं नाव होतं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. बर्डनने उत्तरेच्या बाजूने निवडक नेमबाजांच्या दोन रेजिमेंट उभ्या केल्या. भरतीची परीक्षा अशी: २०० यार्डांवरून १० गोळ्या झाडायच्या आणि त्या सगळ्या १० इंच व्यासाच्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. त्याच्या माणसांचे गणवेश हिरवे होते, म्हणजे झाडीत लपायला सोयीचे. त्यांच्यासाठी त्याने मागून भरायच्या शार्प्स रायफली मिळवल्या. त्या काळी बहुतेक सैनिक नळीच्या तोंडातून दारू ठासत होते, त्यामुळे हा फरक मोठा होता. मात्र रणांगणावरचा अधिकारी म्हणून त्याच्याच काही सहकाऱ्यांचं त्याच्याबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं. १८६४ च्या सुरुवातीला त्याने राजीनामा दिला. माझ्या मते त्याचं खरं काम इथून पुढे सुरू होतं.

काडतूस पेटतं कसं?

काडतुसाचे चार भाग असतात: पुढे गोळी, आत दारू, बाहेर पितळी पुंगळी आणि बुडाला एक छोटी टोपी. ही टोपी म्हणजे प्रायमर. बंदुकीची पिन टोपीवर आदळते, टोपीतलं संवेदनशील रसायन पिन आणि ऐरण यांच्यामध्ये चेचलं जातं, ठिणगी आत जाते आणि दारू पेटते. लोहाराच्या हातोडी-ऐरणीचाच हा प्रकार, फक्त आकार काही मिलिमीटरचा.

आता ऐरण ठेवायची कुठे? बर्डनने ती पुंगळीतच घडवली: टोपीच्या खळग्याच्या मधोमध एक उंचवटा आणि त्याच्या बाजूला ठिणगी जायला बारीक भोकं. २० मार्च १८६६ ला त्याला पेटंट मिळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर या लष्करी अधिकाऱ्याने उलटा मार्ग पेटंट केला. त्याची ऐरण टोपीच्या आत होती आणि पुंगळीला मधोमध एकच भोक.

कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. तो कळतो झाडलेली पुंगळी पुन्हा वापरायची असेल तेव्हा. बॉक्सरच्या पुंगळीत वरून सरळ सळई घातली की ती मधल्या भोकातून जाते आणि जुनी टोपी बाहेर ढकलते. बर्डनच्या पुंगळीत मधोमध ऐरणच आहे, त्यामुळे सळई तिथेच अडते. मग टोपी बाहेरून आकड्याने उचकटायची किंवा पाण्याच्या दाबाने काढायची. काम किचकट. पण बर्डनची टोपी साधी, जास्त सुट्या भागांची गरज नाही. रिकाम्या पुंगळ्या परत भरत न बसणाऱ्या सैन्यांना हे सोयीचं वाटलं.

गंमत बघा: इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपच्या सैन्यांत.

लष्करी पुंगळ्यांत आणखी एक भानगड असते. मशीनगनमध्ये टोपी सैल होऊन बाहेर आली तर यंत्र अडकतं. म्हणून कारखान्यात टोपी बसवल्यावर खळग्याची कडा तिच्यावर दाबून टाकतात. याला क्रिंप म्हणतात. अशी टोपी निघताना हट्ट करते, आणि निघाली तरी आत वळलेली कडा तशीच राहते. ती दाबून किंवा कापून साफ केल्याशिवाय नवी टोपी नीट बसत नाही, चेपते. म्हणजे युद्धात जी गोष्ट भरवशाची, तीच पुनर्वापरात अडथळा.

रशिया, कोर्ट आणि शेवट

बर्डनच्या रायफलीला खरा ग्राहक मिळाला तो रशियात. पहिलं मॉडेल अमेरिकेत कोल्टच्या कारखान्यात बनलं, दुसरं १८७० चं. १८९१ मध्ये मोसिन रायफल येईपर्यंत रशियन सैन्याची मुख्य रायफल हीच होती. तिथल्या लोकांनी तिचं नावच बर्डांका पाडलं.

मायदेशात मात्र वाद झाला. आपल्या पेटंटमधली रचना सरकारने पैसे न देता वापरली, असा त्याच्या कंपनीचा दावा होता. बर्डन ३१ मार्च १८९३ ला वॉशिंग्टनमध्ये वारला. सुप्रीम कोर्टाचा निकाल १८९५ मध्ये आला आणि कंपनीला भरपाई मिळाली, पण ती पाहायला तो नव्हता. पेटंट हातात असणं आणि पैसे हातात येणं यातलं अंतर तेव्हाही मोठंच होतं.

आपल्याकडे याचं काय?

पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिथल्या .३०३ च्या पुंगळ्यांच्या बुडावर कारखान्याची इंग्रजी आद्याक्षरं असत आणि आत बर्डनचीच ऐरण. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही लष्करासाठी काडतुसं बनतात.

आणि आपल्या बीडचं? गेल्या काही वर्षांत इथल्या परवान्याच्या बंदुका आणि त्यांचे रील्स वारंवार बातम्यांत आले. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा म्हणजे फक्त अख्खं काडतूस नाही, त्याचे सुटे भागही त्यात मोडतात. ते परवान्याशिवाय बनवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्यामुळे परदेशी यूट्यूबवर कुणी टोपी काढताना दिसलं तर ते तिथल्या कायद्यातलं आणि तिथल्या अवजारांचं काम आहे. शेतात किंवा भंगारात काडतूस सापडलं तर त्याच्या बुडावर खिळा-हातोडी अजिबात चालवू नका. टोपी जिवंत आहे की झाडलेली, हे नवख्याला ओळखता येईलच असं नाही, आणि जिवंत टोपीला फटका म्हणजे स्फोटच. हात न लावता ११२ ला फोन करा, पुढचं काम पोलिसांचं.