इंजिनातली ‘टकटक’ ओळखणारा माणूस : हॅरी रिकार्डो

चढावर गाडी दामटली की कधीकधी इंजिनातून टकटक ऐकू येते. मेकॅनिक म्हणतो, गाडी नॉक करतेय. दुर्लक्ष केलं तर पिस्टनच जाऊ शकतो.

ही टकटक समजून घेणाऱ्यांत हॅरी रिकार्डो यांचं नाव मोठं. जन्म १८८५, लंडन. शिक्षण केंब्रिजला. पहिल्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश रणगाड्यांसाठी इंजिन बनवलं.

त्यानंतर त्यांनी चालू असतानाच कॉम्प्रेशन बदलता येईल असं ‘ई-३५’ हे प्रयोगाचं इंजिन तयार केलं आणि त्यात वेगवेगळी इंधनं जाळून पाहिली. ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकतं, म्हणून टकटक होते. म्हणजे अनेकदा दोष इंजिनाचा नव्हे, तर इंधनाचा असतो.

यावर एक उपाय म्हणजे पाण्याचा फवारा. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांनी तो वापरला. पण फवारा थांबला तर धोका परत येतो. म्हणूनच आजच्या अशा गाड्यांमध्ये सेन्सर टकटक ऐकतो आणि कॉम्प्युटर ताकद कमी करतो.

१९४८ साली रिकार्डो ‘सर’ झाले. १९७४ मध्ये, ८९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.